१६एस डेटाचे विश्लेषण: प्रत्येक पायरीवर रीड मोजत कसे जावे

माती, शेण, तळ्याचे पाणी, आतड्यातला नमुना, काहीही असो. डीएनए काढला, जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचा तुकडा पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीने) वाढवला, सिक्वेन्सिंग झाले आणि फास्टक्यू फाइलींचा गठ्ठा हातात आला. इथून पुढे बहुतेक जण एखाद्या ट्यूटोरियलमधल्या कमांड एकामागून एक चिकटवत जातात. शेवटी रंगीत बारचार्ट निघतोच, आणि अडचण तिथेच आहे. मधली पायरी पूर्ण चुकली तरी ही सॉफ्टवेअर बहुधा थांबत नाहीत, चार्ट देतात. चूक पकडायचा खात्रीचा मार्ग एकच: प्रत्येक पायरीला किती रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) आत गेले आणि किती बाहेर आले, हे लिहून ठेवायचे. हा लेख त्या हिशोबाभोवतीच रचला आहे.

साधने कोणती? सर्वांत जास्त चालणारा संच म्हणजे क्यूआयआयएमई २, उच्चार ‘चाइम’. म्हणून इथून पुढे चाइम-२ असेच लिहितो. त्याच्या पहिल्या आवृत्तीचा आधार २०१८च्या सुरुवातीला थांबला. तेव्हा जुन्या प्रबंधांतल्या कमांड आज चालवायला जाऊ नका. चाइम-२च्या आत रीडमधल्या चुका गाळण्याचे मुख्य काम डाडा-२ करते. ते मुळात आर भाषेतले पॅकेज आहे आणि स्वतंत्रपणेही वापरता येते. २००९चे मदर हे तिसरे नाव. ते आजही भरवशाचे आहे. आर रोजच्या वापरात असेल तर थेट डाडा-२ आणि पुढे फायलोसेक हे आरमधलेच पॅकेज घ्या. नसेल तर चाइम-२. दोन्हींत मूळ गणित तेच आहे.

बसवताना

चाइम-२ कोंडाच्या (पॅकेज बसवण्याच्या साधनाच्या) स्वतंत्र एन्व्हायर्न्मेंटमध्ये बसवा, बेस एन्व्हायर्न्मेंटमध्ये कधीच नको. विंडोज असेल तर आत लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल-२ घ्या आणि फाइली लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिथूनच वाचायला लावल्या तर काम फार रेंगाळते. ‘डिस्कवर जागा नाही’ अशी चूक आली आणि डिस्क रिकामी दिसत असेल, तर भरलेला असतो तो टेंप फोल्डर. टीएमपीडीआयआर हा व्हेरिएबल मोकळ्या जागेकडे वळवा. साधा लॅपटॉप बहुतेक पायऱ्यांना पुरतो. मेमरी खाणारी पायरी वर्गीकरणाची, तिच्याकडे पुढे येऊच.

कमांड चालवण्याआधी लॅबला विचारायचे चार प्रश्न

१६एसचा कोणता भाग (व्ही३–व्ही४, की नुसता व्ही४) वाढवला? प्रायमर, म्हणजे पीसीआरची सुरुवात करून देणारे छोटे डीएनए तुकडे, कोणते? रीड किती लांबीचे? आणि प्रायमरचा क्रम रीडमध्ये आहे की नाही? ही उत्तरे हातात नसताना सुरुवात करू नका.

भाग कोणता यावर तुम्हाला काय दिसेल हे ठरते. २०२०च्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले आर्किया (बॅक्टेरियाहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव), असल्याचे पुढे आले. असे पाणी ३४१एफ–८०५आर या व्ही३–व्ही४ प्रायमरनी तपासले तर मुख्य पात्रच निसटण्याची भीती, कारण ती जोडी मुळात बॅक्टेरियासाठी घडवलेली आहे. व्ही४ची सुधारित ५१५एफ–८०६आर जोडी आर्कियाही पकडते. प्रायमर चुकला तर कोणतेही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करू शकत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित. बऱ्याच प्रयोगशाळांच्या पद्धतीत रीडची सुरुवातच प्रायमरने होते. ‘अर्थ मायक्रोबायोम प्रोजेक्ट’ या प्रकल्पाच्या पद्धतीत मात्र सिक्वेन्सिंग प्रायमर वेगळा असल्याने रीडमध्ये तो क्रम नसतोच. उत्तर मिळाले नाही तर फॉरवर्ड फाइलचे (तुकड्याच्या एका टोकाकडून वाचलेले; दुसऱ्या टोकाकडून वाचलेले ते रिव्हर्स) पहिले दहा-बारा रीड उघडून पाहा. ओळीमागून ओळ त्याच अक्षरांनी सुरू होत असेल तर प्रायमर आहे.

फाइली आत घेणे

आधी एमडी५ची बेरीज ताडून पाहा. अर्धवट डाउनलोड झालेली फाइल पुढे कुठेतरी विचित्र ठिकाणी फुटते. मग मॅनिफेस्ट फाइल करा. टॅबने वेगळे केलेले तीन रकाने: सॅम्पलचे नाव, फॉरवर्ड फाइलचा पूर्ण पत्ता, रिव्हर्स फाइलचा पूर्ण पत्ता. ती एक्सेलमध्ये केली तर दोन गोष्टी सांभाळा. एक्सेल काही नावांची तारीख करून टाकते, आणि ओळीच्या शेवटी विंडोजचे अदृश्य चिन्ह येऊ शकते, मग पत्ता बरोबर दिसूनही फाइल सापडत नाही. सॅम्पलच्या नावात रिकामी जागा आणि अंडरस्कोर टाळा. मेटाडेटाची, म्हणजे प्रत्येक सॅम्पलच्या माहितीची, फाइलही आत्ताच पूर्ण करा. त्यात डीएनए कोणत्या दिवशी काढला, किटचा लॉट, पीसीआर प्लेट आणि सिक्वेन्सिंग रन हे रकाने हवेतच. सहा महिन्यांनी ते आठवत नाहीत आणि नेमके तेव्हाच लागतात.

आत घेतलेल्या डेटाचा सारांश काढा आणि प्रत्येक सॅम्पलचे रीड वहीत उतरवा. हा हिशोबाचा पहिला रकाना.

प्रायमर कापणे

कटअडॅप्ट या साधनाला दोन्ही प्रायमर द्या आणि ‘डिस्कार्ड-अनट्रिम्ड’ हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे ज्यात प्रायमर सापडला नाही ते रीड बाद होतील. प्रायमर खरोखर असतील तर साधारण नव्वद टक्क्यांच्या वर रीड टिकायला हवेत. जवळजवळ शून्य टिकले, तर प्रायमर रीडमध्ये नव्हतेच, किंवा तुम्ही रिव्हर्स प्रायमर उलटा-पूरक करून दिला. तो जसा ऑर्डर केला तसाच द्यायचा असतो. बरोबर निम्मे टिकले, तर लायब्ररी लायगेशनने (तुकड्यांना अडॅप्टर चिकटवून) बनली आहे आणि निम्मे तुकडे उलट दिशेने वाचले गेले आहेत. ते फेकू नका. प्रायमरची अदलाबदल करून दुसऱ्यांदा कापा आणि दिशा सरळ करून घ्या.

ही पायरी टाळली तर काय होते? प्रायमरमध्ये काही जागी एकाऐवजी दोन-तीन अक्षरे चालतात. डाडा-२ला ते खरे फरक वाटतात, आणि पुढे एकाच जिवाणूचे अनेक ‘प्रकार’ तयार होऊन त्यातले बरेच कायमेरा (पीसीआरमध्ये दोन क्रम जुळून बनलेले खोटे क्रम) म्हणून गळतात. कायमेराच्या पायरीवर चतुर्थांशाहून जास्त रीड गेले, तर पहिला संशय राहिलेल्या प्रायमरवर घ्या.

डाडा-२: कुठे कापायचे याचे गणित

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे थांबून पाहू.

रीडच्या शेवटाकडे गुणवत्ता घसरते, विशेषतः रिव्हर्स रीडची. म्हणून शेपूट कापायची. पण फार कापली तर फॉरवर्ड आणि रिव्हर्स एकमेकांवर चढत नाहीत आणि जोडले जात नाहीत. जोडायला मूळ ठरवलेला किमान ओव्हरलॅप १२ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) आहे. प्रत्यक्षात २० ते ३० तरी राखा.

व्ही३–व्ही४चा तुकडा ई. कोलायच्या क्रमांकनानुसार प्रायमरसकट सुमारे ४६५ बेस. त्यातून १७ आणि २१ बेसचे प्रायमर गेले की उरतात ४२७. रीड ३०० बेसचे असतील तर कापल्यावर फॉरवर्ड २८३, रिव्हर्स २७९. आता समजा फॉरवर्ड २६५ वर आणि रिव्हर्स २०५ वर छाटला. बेरीज ४७०, वजा ४२७, ओव्हरलॅप ४३. हे छान. पण आलेख पाहून घाबरून २४० आणि १९० घेतले, तर बेरीज ४३०, ओव्हरलॅप फक्त ३. ई. कोलायसारख्या लांबीचे सगळे तुकडे जोडणीत बाद.

यातला खरा धोका पुढे आहे. तुकड्याची लांबी सगळ्या जिवाणूंत सारखी नसते. अल्फाप्रोटिओबॅक्टेरियाचा हाच भाग सुमारे २५ बेसने आखूड असतो. वरच्या चुकीच्या छाटणीत त्यांना २८ बेसचा ओव्हरलॅप मिळतो आणि ते सुखरूप पार पडतात. म्हणजे गळती सगळ्यांची सारखी नाही: लांब तुकड्यांचे गट नाहीसे, आखूड तुकड्यांचे शिल्लक. चार्टवर दिसते ‘या मातीत अल्फाप्रोटिओबॅक्टेरियाचे वर्चस्व’. हा निष्कर्ष जिवाणूंचा नाही, छाटणीचा आहे. म्हणून ओव्हरलॅप नेहमी सर्वांत लांब तुकडा धरून मोजा.

२५० बेसच्या रीडवर व्ही३–व्ही४ करायचे ठरवले तर ५०० वजा ४६५, म्हणजे एकही बेस न छाटता जेमतेम ३५चा ओव्हरलॅप. ही जोडी शक्यतो टाळा. व्ही४चा तुकडा प्रायमरशिवाय सुमारे २५३ बेसचा; तिथे २५० बेसचे रीड भरपूर होतात आणि छाटायला मोकळीक राहते.

दुसरी नेहमीची चूक: ट्रंक-लेन या आकड्याहून आखूड रीड डाडा-२ छाटत नाही, फेकून देते. प्रायमर कापून २८३ राहिलेल्या रीडला २९०चा ट्रंक-लेन दिला तर फिल्टरमधून काहीही बाहेर येत नाही. प्रायमर आधी कापले असतील तर आकडे कापलेल्या रीडवरच मोजायचे. आणि ट्यूटोरियलमधले आकडे उचलू नका. चाइम-२च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या सराव डेटात ३४ सॅम्पल आहेत, तिथला छाटणीचा १२० हा आकडा आणि सॅम्पलिंगचा ११०३ हा आकडा त्या डेटासाठी काढलेला आहे. तो तुमच्या डेटाला का लागू पडावा?

मॅक्स-ईई म्हणजे एका रीडमध्ये अपेक्षित चुकांची कमाल संख्या. मूळ आकडा २. क्यू३० म्हणजे हजारात एक चूक, क्यू२० म्हणजे शंभरात एक. २५० बेस सगळे क्यू२०चे असतील तर अपेक्षित चुका २.५, म्हणजे तो रीड बाद. रिव्हर्स रीड फार गळत असतील तर आधी शेपूट थोडी जास्त छाटा. ओव्हरलॅपमुळे ते शक्य नसेल तरच रिव्हर्सचा आकडा ३ ते ५ पर्यंत सैल करा.

रन पूर्ण झाला की डिनॉइझिंगचा, म्हणजे चुका गाळण्याचा, तक्ता उघडा. निरोगी सॅम्पलची एक ओळ साधारण अशी दिसते: आत ५८,०००, फिल्टरनंतर ४९,०००, डिनॉइझनंतर ४७,८००, जोडणीनंतर ४४,५००, कायमेरा काढून ३९,०००. प्रत्येक टप्प्यावर थोडी गळती, कुठेही दरी नाही. दरी फिल्टरवर असेल तर छाटणी अपुरी किंवा ट्रंक-लेन लांबीहून मोठा. जोडणीवर असेल तर ओव्हरलॅप. कायमेरावर असेल तर प्रायमर, नाहीतर पीसीआरची आवर्तने फार जास्त. पंचवीसच्या आसपास आवर्तनांत काम झाले तर पस्तीसपर्यंत जाऊ नका, हे लॅबमध्ये आधीच सांगून ठेवावे.

प्रत्येक सिक्वेन्सिंग रन वेगळा डिनॉइझ करा आणि तक्ते नंतर जोडा, कारण चुकांचा नमुना रनप्रमाणे बदलतो. जोडण्यासाठी सगळ्या रनची छाटणी मात्र सारखीच हवी. नोव्हासेक या सिक्वेन्सिंग यंत्राच्या डेटात गुणवत्तेचे आकडे मोजक्याच चार पायऱ्यांत गोळा केलेले असतात, त्यामुळे चुकांच्या मॉडेलचा आलेख वेडावाकडा येतो. अशा वेळी आरमध्ये थेट डाडा-२ चालवून तो आलेख डोळ्यांनी तपासणे बरे. गुणवत्ता वाढली की चूक कमी व्हायला हवी. रेषा मध्येच वर चढत असेल तर मॉडेल फसले आहे.

वर्गीकरण

डाडा-२मधून येतात एएसव्ही, म्हणजे एका बेसच्या फरकापर्यंत वेगळे केलेले क्रम. ९७ टक्के सारखेपणावरून एकत्र केलेले जुने गट, म्हणजे ओटीयू, त्यांच्यापुढे मागे पडले. तरी एक एएसव्ही म्हणजे एक जात, असे समजू नका. ई. कोलायच्या एका पेशीत १६एसच्या सात प्रती असतात आणि त्या हुबेहूब सारख्या असतीलच असे नाही. उलट क्षयाच्या जिवाणूत एकच प्रत असते. म्हणूनच रीडचे प्रमाण म्हणजे पेशींचे प्रमाण नव्हे.

नावे देण्यासाठी सिल्वा १३८ किंवा ग्रीनजीन्स-२ हा डेटाबेस घ्या. २०१३चे जुने ग्रीनजीन्स आता नको. तयार क्लासिफायर उतरवताना तो तुमच्या चाइम-२च्या आवृत्तीचाच आहे ना पाहा. सायकिट-लर्नची आवृत्ती जुळली नाही तर कमांड सुरू होतानाच बंद पडते. ‘किल्ड’ एवढाच शब्द दिसून काम थांबले तर मेमरी संपली आहे. सिल्वासाठी १६ जीबी तरी हाताशी ठेवा, एन-जॉब्स १ करा आणि एका वेळचे रीड हजारावर आणा. जॉब वाढवले की मेमरीही तितक्या पटीने लागते.

नावांच्या बाबतीत गोंधळ होतो तो असा: एका तक्त्यात फर्मिक्यूट्स, दुसऱ्यात बॅसिलोटा, प्रोटिओबॅक्टेरिया आणि स्यूडोमोनाडोटा. २०२१मध्ये फायलमची (जिवाणूंच्या मोठ्या गटांची) नावे नियमाने बदलली, पण सगळ्या डेटाबेसनी ती एकाच वेळी घेतली नाहीत. एका अभ्यासात एकच डेटाबेस, एकच आवृत्ती. आणि व्ही४च्या तुकड्यावरून जातीचे नाव छातीठोकपणे लिहू नका. सिल्वा ‘एशेरिचिया-शिगेला’ असे जोडनाव देते, कारण हा जनुक त्या दोघांना वेगळे करू शकत नाही.

मग क्लोरोप्लास्ट आणि मायटोकॉन्ड्रिया काढा. हे दोन्ही जिवाणूंचे वंशज असल्याने प्रायमर त्यांनाही वाढवतात. उसाच्या किंवा भाताच्या मुळांच्या आतल्या नमुन्यात बहुतांश रीड यांचेच निघू शकतात. म्हणून वनस्पतीच्या नमुन्यांना सुरुवातीलाच जास्त खोल सिक्वेन्सिंग मागा. काढण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत हवाच.

कोरे नमुने आणि मॉक

डीएनए काढण्याच्या किटमध्ये स्वतःचा जिवाणू-डीएनए असतो. कमी जैवभार असलेल्या नमुन्यात, उदाहरणार्थ रक्तात, हवेच्या फिल्टरवर किंवा शुद्ध पाण्यात, तोच खऱ्या डीएनएवर मात करतो. प्रत्येक बॅचला एक कोरा नमुना (ज्यात काहीही टाकलेले नाही असा) शेवटपर्यंत न्या आणि त्याचेही सिक्वेन्सिंग करा. मग आरमधले डीकॉन्टॅम चालवा. ते कोऱ्या नमुन्यांत जास्त वेळा दिसणारे, किंवा डीएनएची मात्रा कमी तिथे प्रमाण जास्त असणारे एएसव्ही ओळखते. त्याने दिलेली यादी एकेक नाव वाचून पाहा. प्लेटमधल्या शेजारच्या खळग्यातून (वेल) सांडलेला खरा जिवाणूही कोऱ्यात दिसतो, आणि तो काढून टाकला तर तुमचाच निष्कर्ष जातो.

बाजारात मिळणारी मॉक कम्युनिटी, म्हणजे आधीच ठाऊक असलेल्या सूक्ष्मजीवांचे मिश्रण, हीही एका वेलमध्ये ठेवा. झायमोच्या प्रसिद्ध मॉकमध्ये आठ बॅक्टेरिया आणि दोन यीस्ट असतात. १६एसमध्ये आठच दिसायला हवेत. तिथे चाळीस एएसव्ही निघाले तर बाकी सगळ्या सॅम्पलचे आकडेही फुगलेले आहेत, हे निश्चित.

विविधता आणि तुलना

सॅम्पलिंगची खोली, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक सॅम्पलमधून घ्यायच्या सारख्याच रीडची संख्या, ठरवताना आधी नॉन-कायमेरिक रीडची यादी चढत्या क्रमाने लावा. खोली वाढवली की कमी रीडची सॅम्पल गळतात, कमी केली की सगळ्यांचीच माहिती जाते. गळणारी सॅम्पल कोणत्या गटातली, हे पाहिल्याशिवाय आकडा पक्का करू नका. नियंत्रण गटातलीच पाच सॅम्पल गळाली तर तुलनेला अर्थ उरत नाही. असे जास्तीचे रीड फेकून देणे योग्य की अयोग्य यावर २०१४पासून वाद आहे. विविधतेच्या मापांसाठी ते चालते, गटागटातला फरक शोधणाऱ्या चाचण्यांना मात्र पूर्ण तक्ताच द्या.

चाओ१ हे माप डाडा-२च्या निकालावर लावू नका. ते एकदाच दिसलेल्या क्रमांच्या संख्येवर चालते आणि डाडा-२ तेच क्रम गाळते. शॅनन या विविधतेच्या मापाची तुलना दुसऱ्या पेपरशी करताना लॉगचा आधार २ आहे की ई, हे तपासा. त्याशिवाय दोन आकडे शेजारी ठेवू नयेत.

पर्मानोव्हामध्ये, म्हणजे गटांची जिवाणू-रचना वेगळी आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत, ९९९ फेऱ्या असतील तर सर्वांत लहान पी ०.००१च येऊ शकतो. त्याखाली काही निघत नाही. गटांतला पसारा वेगवेगळा असला तरी पर्मानोव्हा ‘फरक आहे’ म्हणते. म्हणून पसारा तपासणारी पर्मडिस्पही चालवा आणि दोन्ही निकाल लिहा.

कोणता वंश वाढला, कोणता घटला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. रीड म्हणजे वाटा, प्रत्यक्ष संख्या नाही. एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटतो, त्यांचे प्रत्यक्षात काहीही बदललेले नसले तरी. साधी टी-टेस्ट इथे फसते. अँकॉम-बीसी आणि अल्डेक्स-२ या पद्धती ही गोष्ट लक्षात घेऊन बनवल्या आहेत. २०२२च्या एका मोठ्या तुलनेत १४ पद्धती ३८ डेटासंचांवर लावल्या, तेव्हा प्रत्येक पद्धतीची यादी बरीच वेगळी निघाली. तेव्हा दोन पद्धती चालवा, दोघींत येणारी नावेच ठामपणे मांडा, आणि पद्धती निकाल पाहण्याआधी ठरवा.

‘हे जिवाणू काय काम करतात’ असे विचारले की पिक्रस्ट-२कडे हात जातो. ते अंदाज बांधते, मोजत नाही. एनएसटीआय (सर्वांत जवळच्या ज्ञात जीनोमपासूनचे अंतर) २च्या वर असलेले क्रम ते मुळातच गाळते. आतड्यातल्या नमुन्यात जवळचे नातलग जीनोम भरपूर असतात, लोणारसारख्या ठिकाणी कमी. तिथे अंदाज तितकाच कच्चा. खरेच जनुके पाहायची असतील तर शॉटगन, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्या डीएनएचे, सिक्वेन्सिंग हवे: आधी बोटाय-२ने यजमानाचा डीएनए काढा, मग जाती ओळखायला क्रॅकन-२ आणि ब्रॅकन किंवा मेटाफ्लॅन-४. क्रॅकन-२चा कॉन्फिडन्स मुळात ० असतो आणि त्यामुळे नसलेल्या जातींची यादी लांबते. तो ०.१च्या आसपास ठेवून पाहा.

जमा करताना

कच्चे फास्टक्यू एनसीबीआयच्या एसआरए या सार्वजनिक साठ्यात किंवा फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये जमा करा. प्रायमर कापण्याआधीच्या, सॅम्पलनुसार वेगळ्या केलेल्या फाइली द्या, कोरे नमुने आणि मॉकसकट. सोबत प्रायमरची नावे आणि क्रम, वाढवलेला भाग, छाटणीचे आकडे, डेटाबेसची आवृत्ती. चाइम-२च्या क्यूझेडए आणि क्यूझेडव्ही फाइली खरे तर झिपच असतात आणि प्रत्येकीत आधीच्या सगळ्या कमांडची नोंद असते. त्यामुळे त्या फेकू नका. वहीतला एखादा आकडा लिहायचा राहिला असेल तर तिथून काढता येतो.